तुळजारावांची बिनधुराची भट्टी

तुळजाराव मला कधीच आवडले नाहीत. मीही त्यांना आवडत नव्हते, आणि या एका बाबतीत आमचं चार वर्षं अगदी एकमत होतं. ते गेल्याचं पत्र मागच्या महिन्यात आलं. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायची रीत आहे, म्हणून कागद पुढे ओढला; पण पहिलाच चांगला शब्द लिहिला आणि परसातल्या भिंतीपलीकडून तो घोगरा आवाज ऐकू आल्यासारखं झालं, "खोटं लिहूं नोका!" तेव्हा तो शब्द खोडला. आता जसे होते तसे लिहिते.

आम्ही साताऱ्याचे. हे पुण्याच्या एका भांड्यांच्या पेढीसाठी पितळी माल खरेदी करायचे, आणि तसं पितळ कुंभकोणमखेरीज मिळत नाही म्हणून मालकांनी यांना तिथेच बसवून ठेवलं. पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. माझ्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती आणि तमिळ एक अक्षर येत नव्हतं. राहायला मिळाला तो सेतुअक्कांच्या लांबलचक घराचा मागचा अर्धा भाग. सेतुअक्का विधवा, सत्तरीच्या, तंजावरच्या राजांबरोबर कधीकाळी दक्षिणेत उतरलेल्या मराठी घराण्यातल्या. गल्लीत अशी सहा-सात मराठी घरं होती आणि त्या सगळ्यांत अक्कांचा शब्द शेवटचा.

परसात कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे तुळजाराव. एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, वाळकुडा माणूस, कमरेला पंचा, नाकावर कायम राग. डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक केस नाही आणि उजव्या हातावर जंगल. मला वाटलं, काही कातडीचा रोग असावा, म्हणून मी मुलीला त्यांच्यापासून लांबच धरायची. पुढे कळलं. शेजारपाजारच्या सुऱ्या-विळ्यांना ते हौसेनं धार लावत आणि लावली की पातं डाव्या हातावरून फिरवत. केस उतरले तर धार झाली, नाहीतर पुन्हा दगड.

हौसेनं म्हणजे कुणी बोलावल्याशिवाय. आम्हाला येऊन तीन दिवस झाले नव्हते तर तुळजाराव मागच्या दारातून थेट स्वयंपाकघरात. मी विळीवर दोडका चिरत होते. त्यांनी वाकून पात्यावरून अंगठा फिरवला, चुकचुकले आणि म्हणाले, "हें काय, सातारकरीणबाई? हें भाजी कापाला कीं भाजीला समजावाला?"

ती विळी माझ्या आईनं लग्नात दिलेली. माझं तोंड सुटलं. मी जे बोलले ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर जाताना सेतुअक्कांना म्हणाले, "अक्का, हीची मराठी ऐकल्यात? अर्धी बाटलेली आहे." तीनशे वर्षांपूर्वीची भाषा तमिळ हेलात बोलणाऱ्या माणसानं साताऱ्याच्या मुलीला हे सांगावं! त्या दिवसापासून मी भिंतीपलीकडे बघणं सोडलं. ऐकणं सोडता येत नव्हतं, कारण ते स्वतःशीसुद्धा मोठ्यानं भांडत.

त्यांचं भांडण सगळ्यांशी होतं. दूधवाल्याशी, पोस्टमनशी, देवळातल्या नादस्वरवाल्याशी, बाहेर तमिळमध्ये आणि घरात मराठीत. एकच गोष्ट मला तेव्हाही खटकायची, कारण ती त्यांच्या स्वभावाशी जुळत नव्हती. सुरी, विळी, अडकित्ता हातात देऊ नये, दोघांत भांडण होतं, ही समजूत आमच्याकडे आहे तशीच त्यांच्याकडेही. धार लावलेली वस्तू परत देताना तुळजाराव न चुकता खाली वाकायचे, ती जमिनीवर ठेवायचे आणि दोन पावलं मागे सरायचे. एकदा यांनी चेष्टेनं विचारलं, "तुळजाराव, तुम्ही कसली भांडणाची भीती बाळगता?" तर म्हणाले, "भांडाला मज सुरी लागत नाहीं. रिकाम्या हातीं भांडतों."

आता ब्रशाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुळजारावांनी तीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या होत्या. निवृत्त झाले तेव्हा एक हार आणि मोडीतली तांब्याची नळी घेऊन घरी आले. खंडेनवमीला अक्कांच्या ओसरीत देवीपुढे गल्लीतली सगळी मराठी घरं आपापली हत्यारं मांडत. तिकडे सगळीकडेच त्या दिवशी आयुधांची पूजा असते. शिंप्यानं कात्री मांडावी, कारकुनानं टाक, वैद्यानं खल. गंध-फूल वाहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी हत्यार उचलायचं नाही. आमच्या पहिल्या नवमीला मी पाहिलं, तर त्या सगळ्यांच्या मधोमध गंधाचा टिळा लावलेला एक बाटल्या घासायचा ब्रश. मी विचारलं, हा कुणाचा. कळल्यावर मला हसू आवरेना. बायकांत मोठ्यानं हसले. तुळजाराव खांबाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ब्रशाकडे पाहिलं.

दिवाळीनंतर भिंतीपलीकडे कोळशाची पोती आली आणि एक कातडी भाता. तुळजाराव सुऱ्या बनवणार होते. धार लावणं वेगळं, म्हणाले, ती दुसऱ्याच्या वस्तूला लावायची. आता वस्तूच आपली. बाजारातले लोहार हसले, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला तुळजारावांना सवड नव्हती. पहिल्याच दिवशी त्यांनी भाता मारला आणि माझं वाळत घातलेलं सोवळं काळं झालं. दुसऱ्या दिवशी मुलीची दुपटी. तिसऱ्या दिवशी मी अक्कांकडे गेले.

अक्कांनी त्यांना बोलावून सांगितलं, "तुळजा, धूर नोको. लेकराचं घर आहे."

ते मला म्हणाले, "धूर नोको? बरं. धूर नसलेला जाळ करून दाखवितों. मग काय मणतां पाहूं."

माणूस सूड घ्यायला काय काय करतो! तुळजारावांनी भट्टी बांधली. भिंतीमुळे मला ती आपोआप दिसायची, मुद्दाम मी बघत नव्हते. रॉकेलचा चौकोनी डबा आडवा टाकला. जवळच्या स्वामीमलै गावी जाऊन मूर्तिकारांकडून नदीच्या गाळाची मऊसूत माती आणली, मेणाच्या मूर्तीवर पहिला थर देतात ती. तिच्यात फुटक्या मुशींचा चुरा आणि भाताचा कोंडा मिसळून पायांनी तुडवली. डब्याच्या मधोमध केळीच्या बुंध्याचा तुकडा उभा धरून भोवती ती माती ठासली. माती वाळत गेली तसा बुंधा आक्रसत गेला, आणि एके दिवशी त्यांनी तो दोन बोटांनी उपसून काढला. आत गोल, गुळगुळीत पोकळी. मला ते फार हुशारीचं वाटलं आणि वाटल्याचा राग आला.

जाळ रॉकेलचा. पिकावर औषध मारायच्या पंपात रॉकेल, वर हवेचा दाब, आणि तिथून कॉलेजची ती तांब्याची नळी भट्टीच्या तोंडाला वेटोळं घालून स्टोव्हच्या बर्नरपर्यंत. नळी तापली की रॉकेलची वाफ व्हायची आणि वाफ पेटायची. पहिल्या खेपेला माती आतून ओली होती. ढलपा उडाला, डबा वीतभर उचलला गेला आणि तुळजारावांच्या भुवया गेल्या. दुसऱ्या खेपेला माती तडकली. दोन्ही वेळा मी परसात उभी राहून मनसोक्त समाधान मानलं. तिसऱ्या खेपेला जाळ पेटला. निळा, सरळ, धुराचा ठिपका नाही. आणि आवाज असा, की तंजावरची बस कुणीतरी परसात आणून उभी केली आहे आणि ड्रायव्हर जेवायला गेला आहे.

दुपारी बारा ते चार. माझी मुलगी दचकून उठायची, रडून निळी व्हायची. भिंतीपलीकडून तुळजाराव ओरडायचे, "धूर आहे काय? दाखवा मज धूर!"

त्या आवाजावर मात करून ते सबंध गल्लीला धडे द्यायचे. झिजलेली कानस तापवून ठोकायची, पातं तिळाच्या तेलात विझवायचं. त्या दिवशी गल्लीत सणाच्या स्वयंपाकासारखा वास सुटायचा. मग विझवलेलं पातं तापल्या वाळूवर धरायचं आणि रंग पाहायचा. "पेंढ्याचा रंग आला, बस! निळा आला कीं सुरी मेली! मग ती दिसाला सुरी, कामाला पत्रा!" हे मी इतक्यांदा ऐकलं होतं, की माझ्या मुलीला बोलता येत असतं तर तिनंही म्हणून दाखवलं असतं.

मी पुन्हा अक्कांकडे गेले. या वेळी अख्खी ओसरी भरली. तुळजाराव अंगणात उभे राहून म्हणाले, "धूर नोको मणटल्या, धूर काढलों. आतां आवाज नोको. उद्यां मणतील तुळजा नोको. बाजारचे लोहार मणतात, कोळशावांचून लोखंड शिजत नाहीं. अक्का, मीं एक सांगतों. ही सुरी हीचजवळ ठेवा. अठरावी आडि आज. खंडेनवमीपर्यंत हीणें वापरावी, दगड लावूं नये. धार गेली तर भट्टी मीं माझ्या हातीं मोडतों. राहिली तर त्या दिवशीं ही सुरी देवीपुढें मांडेन, आणि कोणीं एक शब्द काढाचा नाहीं."

एवढं बोलून पंच्यात गुंडाळलेली सुरी त्यांनी काढली, माझ्यापुढे उंबऱ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. वीतभर पातं, चिंचेच्या लाकडाची मूठ. मूठ ज्याच्या हातात जाणार त्याचा हात त्यांनी केव्हा पाहिला होता कोण जाणे, माझ्या मुठीत ती बरोबर बसली.

आडि या तमिळ महिन्यातल्या, आपल्या श्रावणाच्या आसपासच्या, त्या अठराव्या दिवशी सगळं गाव कावेरीवर पूजेला जातं. मी घरात बसून सुरणाचा गड्डा कापला. लोण्यासारखा. मग शेवग्याच्या शेंगा, कोहळा, कच्ची केळी. पंधरा दिवस मी त्या सुरीत खोट शोधत होते आणि खोट सापडत नव्हती. आईची विळी कोनाड्यात गेली. कोहळ्याची फोड डोळ्यांपुढे धरली तर पलीकडची खिडकी दिसे. हे मी कुणाला सांगितलं नाही. अक्का विचारायच्या, "सुरी कशी, पोरी?" मी म्हणायची, "बघू."

मग यांनी फणस आणला. मोसमातला शेवटचा, स्वस्तात मिळाला म्हणून. आमच्या साताऱ्याकडे फणस म्हणजे कुणीतरी कोकणातून आणलेले चार गरे. सबंध फणस मी जन्मात फोडला नव्हता. सुरीला आधी तेल चोळायचं असतं, हे कुंभकोणममधलं शेंबडं पोरही सांगेल. मी तशीच घातली. चीक असा बसला, की पातं दिसेना. घासलं, राखेनं चोळलं, निघेना. शेवटी आमच्याकडे लाख चिकटली की करतात तेच केलं. सुरी चुलीतल्या निखाऱ्यांवर धरली. चीक वितळला, जळला, फडक्यानं स्वच्छ पुसून निघाला. मी खूश झाले. मग उजेडात धरली तर पातं मोराच्या मानेसारखं निळं.

सुरी मेली.

मला ते वाक्य त्यांच्याच आवाजात आठवलं. देवाशपथ सांगते, धरली तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. पण निळं दिसल्यावर आलं. मी चिंच आणि राख घेऊन बसले आणि चांगली तासभर घासून तो निळा रंग काढून टाकला. पातं पुन्हा पांढरं झालं. आठ दिवसांत ती सुरी भाजीला समजावायला लागली.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "भट्टी जाते आहे ना? मग गप्प बस." मला तेच ऐकायचं होतं, म्हणूनच मी अक्कांना न सांगता यांना सांगितलं होतं.

खंडेनवमीला पूजेच्या आधी सगळे ओसरीत जमले. तुळजाराव धुतलेलं धोतर नेसून आले होते. अंगात सदरा, भुवया पुन्हा उगवलेल्या. त्यांना सदऱ्यात मी प्रथमच पाहत होते. अक्कांनी विड्याच्या पानांची चळत पाटावर ठेवली. मी सुरी जमिनीवर ठेवली, अक्कांनी उचलली आणि चळतीवर दाबली. पानं कापली नाहीत, चिरडली. हिरवं पाणी पाटावर आलं. कुणीतरी मागे हसलं.

तुळजारावांनी सुरी उचलली. अंगठा फिरवला नाही. मूठ आणि पातं जुळतात तिथे, लाकडाच्या खाचेपाशी डोळे नेले. मी त्या खाचेत चिंच घालायची विसरले होते. नखाएवढी निळी कड तिथे राहिली होती, मला उभ्या जागेवरून दिसली.

त्यांनी मान वर केली. राग नव्हता. चार वर्षांत तो चेहरा राग नसलेला मी एकदाच पाहिला, तो तेव्हा.

"चुलीवर धरल्या काय ही?"

सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही."

अक्का म्हणाल्या, "तुळजा, कां विचारतोस? काय दिसतं तुज?"

दाखवायला एक बोट पुरलं असतं. त्यांनी ती खाच अंगठ्याखाली झाकली आणि म्हणाले, "कांहीं नाहीं. बाई नाहीं मणते. सरि, बरं तर. धार गेली." सुरी सदऱ्याखाली कमरेला खोचून ते घरी गेले. मी सुटले, असं वाटलं. पण ते परत आले आणि त्यांनी गंध लावून देवीपुढे बाटल्या घासायचा तो ब्रश मांडला. या वेळी मला हसू आलं नाही. इतरांना आलं.

"भट्टी?" कुणीतरी विचारलं.

"आज हत्यार उचलाचं नाहीं," तुळजाराव म्हणाले. "हातोडा सुद्धां देवीपुढें आहे. उद्यां."

म्हणजे मला एक सबंध दिवस मिळाला होता. एवढं अक्कांच्या दारात जाऊन सांगायचं होतं, की मी धरली होती, मला माहीत नव्हतं. परसातून ओसरी वीस पावलं. मी त्या दिवशी घर झाडलं, पुन्हा झाडलं, मुलीला न्हाऊ घातलं, पितळी डबे घासले. वीस पावलं काही चालले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवीपुढचा हातोडा उचलला आणि चार घावांत भट्टी मोडली. तांब्याची नळी तेवढी जपून सरळ केली आणि भिंतीला टेकवून ठेवली. माझी मुलगी त्या दुपारी झोपली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. त्या आवाजाची तिला सवय होऊन गेली होती, शांततेनं ती दचकत होती. मी तिला मांडीवर घेऊन तोंडानं घूंऽ करत बसायची, आणि भिंतीपलीकडे ते ऐकू जात असणार.

हा माणूस त्यानंतर निवळला असेल असं कुणाला वाटेल. छे! दुप्पट बिघडला. पोस्टमननं गल्लीत यायचं सोडलं. धार लावणं मात्र बंद. कुणी विळी नेली की म्हणायचे, "मज काय येतं? मीं बाटल्या धुणारा." आणि माझ्याशी एक अक्षर नाही, चांगलं नाही की वाईट नाही. सगळ्या गल्लीला शिव्या आणि मला काहीच नाही, हे मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. कितीदा वाटलं, भिंतीपाशी जाऊन काहीतरी टोचून बोलावं म्हणजे तोंड उघडतील. धीर झाला नाही.

आणखी दोन वर्षांनी पेढीनं यांना परत बोलावलं. जटका, तिकडचा टांगा, दारात आला, सामान चढलं. अक्का रडल्या, मी रडले. मुलगी, आता चांगली बोलणारी, तमिळमध्ये घोड्याशी गप्पा मारत होती. मी चढणार एवढ्यात तुळजाराव गल्लीत आले. कमरेला पंचा, अंग उघडं.

त्यांच्या हातात ती सुरी होती. तीच, मुठीपाशी निळी कड तशीच होती.

मी सवयीनं मागे सरले, खाली जागा करून दिली. ते वाकले नाहीत.

"खालीं ठेवत नाहीं," ते म्हणाले. "हातांत धरा."

"तुळजाराव, मी त्या दिवशी…"

"मज ठाव आहे. त्या दिवशींच ठाव होतं. धरा."

मूठ माझ्याकडे करून त्यांनी ती पुढे केली, आणि केली तीही डाव्या हातानं. मी घेतली. एवढ्या जवळून तो हात मी कधी पाहिला नव्हता. मनगटापासून कोपरापर्यंत त्याच्यावर केस उगवले होते, पांढरे, दाट.